पान तीन, रकाना चार

१९४५ सालचा भाद्रपद, मंगळवारची संध्याकाळ. रक्कम सहा आणे, म्हणजे बेलापूरच्या आमच्या वाचनालयाची महिन्याची वर्गणी. हजर तिघे — मी म्हणजे ग्रंथपाल नाना, चिटणीस आबासाहेब आणि सोनाबाई. त्या संध्याकाळी घडलं तसल्या गोष्टींवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहितो, कारण राग अजून गेलेला नाही.

रोज संध्याकाळी मी वाचनालयाच्या ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचो. अक्षर न येणारे पायरीवर बसून ऐकत. प्रत्येक बातमीआधी पान आणि रकाना सांगायची माझी सवय — नानांनी पदरचं घातलं, असं कुणी म्हणायला नको. सोनाबाईचा मुलगा भिवा पलटणीतून सिंगापूरला गेलेला. तीन वर्षं उलटून गेली, ना पत्र, ना तार. ती एक दिवस चुकवत नसे.

आबासाहेबांनी वाचन बंद केलं. "वर्गणी भरणारे चाळीस आणि ऐकणारे शंभर. वाचनालय आहे की धर्मशाळा?" मी भांडलो. कमिटी त्यांच्याच बाजूने. बाई तरी रोज येऊन पायरीवर बसायची. मी पेपर बघून आतूनच मान हलवायचो... काही नाही.

त्या मंगळवारी ती हसतच आली.

"नाना, भिवा जित्ता हाय. पान तीन, रकाना चार."

"कुणी सांगितलं?"

"आता गं बया. तुमीच तर वाचलं की दुपारी. मी रानात खुरपत हुते. तुमचा आवाज वळखत न्हाई व्हय मी?"

दुपारभर मी पुस्तकांना खळ लावून पुठ्ठे चिकटवत होतो. आणि पेपर तेव्हा दौंडहून येणाऱ्या गाडीत होता. टांगेवाल्याने पेपरची गुंडाळी आमच्यासमोर आणून टाकली, वरचा कागद जसाच्या तसा. आबासाहेबांनी तो स्वतः फाडला. "बघू दे हिचं पान तीन."

पान तीन, रकाना चार. जपान्यांच्या कैदेतून सुटलेल्या शिपायांची नावं. त्यात भिवा — बापाच्या नावासकट, गाव बेलापूर.

आबासाहेबांनी फाडलेला वरचा कागद उलटसुलट करून पाहिला. मग माझ्यावर घसरले. "तुम्ही पेपर आधी कुठं पाहिलात?" कुठे पाहणार? गावात येणारा तो एकच. तेव्हा ते बाईकडे वळले. "बातमी ऐकलीस ना फुकट? वर्गणी कुठाय?"

"ऐकली ती रानात, आबासायेब. तितंबी तुमचाच ओटा हाय व्हय?"

मुलगा जिवंत असल्याचं कळून घटका झाली नव्हती, आणि हा गृहस्थ तिच्याकडे वर्गणी मागत होता. माझं डोकं सणकलं. खिशातले सहा आणे मी टेबलावर आपटले.

"सोनाबाईच्या नावाने पावती फाडा. आता ती वर्गणीदार. तिला अक्षर येत नाही, म्हणून मी वाचून दाखवणार. रोज, ओट्यावर, मोठ्याने — तिला जरा कमी ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी पायरी पुन्हा भरली.

माझा आवाज तिच्या रानात कसा पोचला, ते मला आजही कळलेलं नाही. सहा आणे मात्र आबासाहेबांना पोचले, रोख. त्यांनी ते दोनदा मोजून घेतले.