काटफळजवळचा भराव

इंदापूरला रेल्वे नाही. तहसील कचेरी आहे, बाजार आहे, पुणे-सोलापूर रस्ता आहे आणि त्या रस्त्यावरून दिवसभर ट्रक जातात. पण ट्रककडे तासभर टक लावून बसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. रेल्वेकडे टक लावून बसणारे असतात. मी त्यांतला एक. नव्वदच्या दशकात मी इंदापूरच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो आणि रविवारी सकाळच्या एसटीने निघून कुठल्या तरी रुळांशेजारी जाऊन बसत होतो. घरच्यांना सुरुवातीला माझा संशय आला. मी खरोखर गाड्याच पाहतो हे कळल्यावर त्यांना जास्त वाईट वाटलं.

जवळची जागा भिगवणची. स्टेशनच्या पुढे गेलं की धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. थंडीत तिथे पक्षी बघायला पुण्याची मंडळी यायची, गळ्यात दुर्बिणी अडकवून. ती पाण्याकडे तोंड करून बसायची आणि मी त्यांच्याकडे पाठ करून. एकमेकांविषयी आमचं मत सारखंच असावं. मार्ग एकेरी असल्याने न थांबणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला स्टेशनातला माणूस एक मोठं कडं द्यायचा. कड्याला चामड्याची पिशवी आणि पिशवीत लोखंडी गोळा. तो गोळा हातात असेल तरच पुढच्या रुळावर जायचा हक्क. धावत्या इंजिनातून बाहेर आलेला हात ते कडं अलगद उचलून न्यायचा. माझ्या पाहण्यात अधिकाराची इतकी नेमकी आणि इतकी निमूट देवघेव दुसरीकडे कुठे झालेली नाही.

बारामती स्टेशन म्हणजे रुळांचा शेवट. दौंडहून येणारी गाडी तेव्हा छोटी होती, अरुंद रुळांवरची. बारामतीला पोचली की इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळाने मागे जायचं आणि सगळ्यात मागच्या डब्याला जोडलं जायचं. शेवटचा डबा पहिला व्हायचा, आणि त्याबद्दल कुणाचा सत्कार करावा लागत नसे.

पण माझी खरी जागा या दोन्हींपेक्षा वेगळी होती. बारामतीकडून काटफळकडे जाताना एक माळ लागतो. तिथे रूळ वळण घेऊन येत. बाभळीखाली एक बसण्याजोगा दगड होता. आबा मला तिथेच भेटले.

सत्तरीचे असतील. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी आणि मागे साठेक मेंढरं. त्यांच्या वडिलांच्या वेळी अख्खं घर मेंढरांमागे कोकणापर्यंत जायचं. आता घराला कालव्याचं पाणी होतं, थोरला मुलगा एमआयडीसीत कामाला होता आणि मेंढरांमागे एकटे आबा राहिले होते.

"सर्वे करताय काय?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"नाही. गाडी बघतोय."

"कोन येनार हाय गाडीनं?"

"कुणी नाही."

आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग कशाला बघता?"

"तुम्ही मेंढरं कशाला बघता?"

"मी न्हाय बघितली तर ती लोकाच्या मक्यात जात्यात. तुमी न्हाय बघितली तर गाडी कुठं जानार हाय?"

मी दगडावर सरकून त्यांना जागा करून दिली, आणि आमची ओळख झाली.

आबांना दररोज रूळ ओलांडावे लागत. वस्ती एका बाजूला, चरायचा माळ दुसऱ्या बाजूला. मेंढरांचा स्वभाव असा की पुढचं एक गेलं की बाकीची त्याच्या मागे जाणारच. निम्म्यात थांबवता येत नाहीत. म्हणून चाळीस वर्षांत एक रीत बसली होती. काटफळला शिट्टी झाली की आबा अंदाज घेत. मेंढरं आधीच रुळावर असली तर ते कडेला उभे राहून काठी डोक्यावर आडवी धरत. छोट्या गाडीचा ड्रायव्हर वळणावरूनच ती पाहायचा, दोनदा शिट्टी द्यायचा आणि वेग कमी करायचा. कधी कधी गाडी थांबतच असे. डब्यातली माणसं खिडकीतून "आबा, निगा की लवकर" म्हणत आणि आबा "तुमास्नी कुठं कलेक्टर बोलावतोय?" असं उलट विचारत. हा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नाही.

थोरल्याला मेंढरं विकायची होती. आबांना नीट ऐकू येत नाही, एक दिवस काहीतरी होईल, असं त्याचं म्हणणं होतं. आबांना ऐकू येत होतं. शिट्टी माझ्याआधी त्यांना कळायची. पण घरात हा वाद अधूनमधून निघायचा आणि आबा तो माझ्यापाशी सांगायचे. "मेंढरं गेली की मी काय करू? पारावर बसून तंबाखू चोळू? दोन म्हयन्यात मरंन."

मग छोटी गाडी बंद झाली. मार्ग रुंद व्हायचा होता. बरेच महिने माती, मुरूम, खडी येत राहिली. माझ्या बाभळीसमोर माणसापेक्षा उंच भराव उभा राहिला, त्यावर रुंद रूळ आले आणि तसेच पडून राहिले. आबांची मेंढरं आता भराव चढून, खडीत पाय रुतवत, दुसऱ्या बाजूला उतरू लागली. गाडी नव्हतीच, म्हणून शिट्टीही नव्हती आणि अंदाजही घ्यावा लागत नव्हता.

उद्घाटनाच्या आदल्या रविवारी मी बारामती स्टेशनवर गेलो तेव्हा मांडव पडत होता. कमानीवर पाहुण्यांची नावं रुळांपेक्षा रुंद लिहिली होती. एक माणूस शिडीवर चढून "स्वागतोत्सुक"मधला राहून गेलेला उकार घालत होता. मला अशा वेळी एक प्रकारचा आनंद होतो, आणि तो फार चांगला नाही हे मला आता ठाऊक आहे. फलकावर एक नोटीस चिकटवलेली होती. तिची सुरुवात अशी: 'तमाम सर्व जनतेस या जाहीर प्रकटनाद्वारे सूचित करण्यात येऊन कळविण्यात येते की'. तमाम आणि सर्व. सूचित करून शिवाय कळविणे. मी वही काढली आणि ते वाक्य उतरून घेतलं, सोमवारी शाळेत सगळ्यांना वाचून दाखवायला. पुढचा मजकूर वाचला नाही. तेवढं हसून झाल्यावर वाचायचं राहिलं आहे असं वाटलंच नाही.

माळावर पोचलो तेव्हा आबा मेंढरं घेऊन भरावाच्या पायथ्याशी आले होते. त्यांनी मला पाहून काठी हलवली.

"गुर्जी, आज हाय का काय गाडी?"

"पुढच्या रविवारी समारंभ. तोवर काही नाही."

"नक्की?"

"आबा, पाहुण्यांच्या गळ्यात हार पडल्याशिवाय गाडी सोडतील होय?"

आबा हसले. पुढचं मेंढरू भराव चढलं आणि बाकीची त्याच्या मागे निघाली.

वारा आमच्याकडून काटफळकडे वाहत होता. इंजिन एकटंच होतं, मागे डबा नाही. ते वळणावर दिसलं आणि मगच त्याची शिट्टी आमच्यापर्यंत आली. मेंढरं निम्मी रुळांवर, निम्मी खडीत. आबांनी मागच्यांना अडवायचा प्रयत्न केला नाही. ते रुळांच्या कडेला उभे राहिले, काठी डोक्यावर आडवी धरली आणि इंजिन हळू होण्याची वाट पाहू लागले. चेहऱ्यावर घाबरल्याची खूणही नव्हती. चाळीस वर्षांत काठी पाहून गाडी हळू झाली नाही असं कधी घडलंच नव्हतं.

ड्रायव्हरने ब्रेक लावला होता. चाकांतून ठिणग्या निघाल्या. इंजिन थांबलं, पण बरंच पुढे जाऊन.

अकरा मेंढरं गेली. एका मेंढीचा मागचा पाय मोडला होता. ती उतारावर पडून ओरडत होती. ड्रायव्हर खाली उतरून चालत मागे आला आणि खडीवर बसला.

"बाबा, त्यांना हाकललं का नाही? मी किती शिट्ट्या मारल्या."

"म्या काठी वर केली व्हती," आबा म्हणाले.

ड्रायव्हरला ते कळलं नाही. तो दुसऱ्या मुलखातला होता आणि त्याचं इंजिनही.

पंचनामा झाला. मी साक्षीदार. शिट्टी कुठे झाली, इंजिन कुठे दिसलं, किती अंतरावर थांबलं, वारा कुठला होता, सगळं मी सांगितलं. लिहून घेणाऱ्याने मान हलवून माझं कौतुक केलं. असा साक्षीदार मिळत नाही म्हणाला. आबांनी मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, ते त्याने विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

संध्याकाळी स्टेशनवर परत आलो आणि नोटीस पूर्ण वाचली. पहिल्या वाक्यानंतर ती अगदी साधी होती. त्या दिवसापासून चाचणीचं इंजिन धावणार होतं. जनावरं रुळांपासून लांब ठेवायची होती. तिसऱ्या ओळीत, ठळक अक्षरांत.

सोमवारी मी शाळेत काही वाचून दाखवलं नाही.

पुढच्या रविवारी समारंभ होता. बारामतीच्या स्टँडवरच बँडचा आवाज येत होता. मी तिकडे न जाता काटफळच्या बाजूला, आबांच्या वस्तीवर गेलो. सांगायला जायचं हे ठरलं होतं. कसं, ते ठरलं नव्हतं. थोरला दारात मोटरसायकल पुसत होता. आबा वाड्यापाशी, म्हणजे मेंढरांच्या काटेरी कुपाटीपाशी, मोडलेल्या पायाच्या मेंढीला नव्या कामट्या बांधत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"या गुर्जी. आज फीत कापायला न्हाय गेला व्हय?" थोरल्याने विचारलं.

"नाही."

"बसा. चा ठिवायला सांगतो." मग तो आबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "बुदवारी व्यापारी येनार हाय. सगळी देऊन टाकायची. लई येळा सांगितलं आबाला, कान गेलं, आता बास. ऐकत्यात कुठं?"

"आबा काय म्हणतात?"

"काय म्हननार? कुनाला न इचारता मेंढरं घातली रुळावर. लोकं हसत्यात आमास्नी. म्हातारा ठार बहिरा झाला म्हनत्यात."

मी आबांकडे पाहिलं. ते कामटीवर चिंधी गुंडाळत होते. म्हणजे आठ दिवस ते हे ऐकत होते आणि काही बोलले नव्हते.

"विचारलं होतं," मी म्हणालो.

"कुनाला?"

"मला. मी गाडी नाही म्हणून सांगितलं. स्टेशनवर नोटीस होती. मी पाहिली होती. वाचली नव्हती."

थोरल्याने हातातलं फडकं सीटवर ठेवलं. सून चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली.

"पाहिली आन् वाचली न्हाय?" ती म्हणाली. "मास्तर असून?"

"हसण्यात राहून गेलं."

"हसन्यात." थोरला म्हणाला. "रुळाकडंला धा वर्स बसताय तुमी. आमाला वाटलं, ह्या मानसाला गाड्यांतलं कळतंय."

"मलाही तसंच वाटत होतं."

"गप रं," आबा पहिल्यांदा बोलले. "इंजान काय त्यांनी हाकलत आनलं न्हाय."

मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो. "आबा, घरात सांगितलं का नाही?"

त्यांनी गाठ मारली, दातांनी घट्ट केली. "तुमचं नाव घेतलं आसतं तर पोरांनी तुमास्नी माळावर बसू दिलं नसतं. आन् तुमास्नी दुसरं हाय तरी काय?"

मला वाटतं माझ्याविषयी कुणी इतकं खरं आणि इतक्या दयेने कधी बोललेलं नाही. भूगोलाच्या मास्तरला एक जागा हवी म्हणून त्या माणसाने आपले कान पणाला लावले होते, आणि कानांबरोबर कळपही.

थोरला म्हणाला, "मंग कान बरं हाईत म्हना की."

"बरंच हाईत. तुजं समदं ऐकतोय की आठ दिस."

सुनेने चहा दिला. मला पण दिला. व्यापाऱ्याला नको म्हणून सांगायला थोरला त्याच दिवशी गेला. पण आबांनी तो भराव पुन्हा चढायचा नाही असं ठरवलं. लेक कळस गावात दिलेली होती, तिच्या शिवारात पडीक जमीन होती आणि तिथून रूळ दिसत नव्हते. मेंढरं घेऊन आपणही तिकडेच राहायचं, असं त्यांनी घरात सांगितलं. विचारलं नाही.

निघायच्या दिवशी मी रजा काढून गेलो. कळसच्या वाटेला भिगवणचा रस्ता ओलांडावा लागतो, आणि तेव्हाही त्यावर वाहनं कमी नव्हती. थोरला एका बाजूला उभा राहिला. दुसऱ्या बाजूला मी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात आडवे पसरले. आधी उसाची ट्रॉली थांबली, मग एसटी. ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून माझ्या घराण्याविषयी काही सांगितलं. आबा घाई करत नव्हते. मेंढरं एकामागे एक डांबरावरून जात राहिली आणि सगळ्यांच्या शेवटी कामट्या बांधलेली ती एक, तीन पायांवर. एसटीच्या कंडक्टरने दारातून विचारलं, "मास्तर, संपली का?" मी नीट पाहिलं. मागे अजून एक कोकरू राहिलं होतं. "नाही," मी म्हणालो आणि तसाच उभा राहिलो.