तिसऱ्या मोरीचा डावा कठडा

"तिकीट काढून जे दिसतं ते समदेच बघतेत. बिगर तिकिटाचं काय बघून आलात ते सांगा."

हे भावसिंगचं नेहमीचं बोलणं. कुणी औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन आलं, कुणी पुण्याला लेकीकडं राहून आलं, कुणी नुसतं नांदेडला दात काढून आलं, तरी भावसिंग त्याला रस्त्यात गाठून हेच विचारणार. परत आलेल्या माणसाचा चेहरा जरासा उतरायचा. भावसिंगला तेवढं पुरायचं.

विचारायचा हक्क आपल्याला आहे, असं त्याचं म्हणणं. गावाच्या उगवतीला माळावर जो तांडा आहे, तिथला हा माणूस १९९३ साली, आपला जिल्हा अजून परभणीच होता तेव्हा, एका मुकादमाबरोबर अंदमानला रस्त्याच्या कामावर गेला होता. बायको रूपाबाई बरोबर होती. दोन वर्षं दोघांनी तिथं खडी फोडली, सिमेंट कालवलं. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडले. भावसिंग एकदम मिठाच्या मूळ गावीच जाऊन राहिला. गावात त्याच्याआधी कुणी बेट बघितलं नव्हतं, आणि त्याच्यानंतर दहा वर्षं कुणाला बघायची गरजही पडली नाही, कारण भावसिंग ते रोज सांगत होता.

गावाचा अर्थातच विश्वास नव्हता. जो माणूस समुद्राकाठी दोन वर्षं राहून येतो आणि समुद्राबद्दल चकार शब्द काढत नाही, त्याच्यावर शहाण्या गावानं विश्वास ठेवावा तरी कसा? भावसिंग सांगायचा ते भलतंच. एका टेकडीवर एक झाड आहे, त्याच्या मुळ्या जमिनीवर भिंतीसारख्या उभ्या आहेत, दोन मुळ्यांवर ताडपत्री टाकून आम्ही बाराजणांनी आख्खा पावसाळा काढला. एक बाजार आहे, तिथं तेलुगू, बंगाली, तमिळ आणि रांचीकडच्या बाया एकमेकींशी हिंदीत भांडतात आणि हिंदी त्यांच्यातल्या एकीलाही येत नाही. एक होडी आहे, तिच्यात नवरदेव आणि बोकड एकाच बाकावर बसून पलीकडं जातात, आणि दोघांचीही तोंडं सारखीच पडलेली असतात.

आणि शेवटी, दर वेळी शेवटी, मोरी यायची. दक्षिणेकडं जाणाऱ्या रस्त्याला खोबरं वाळवायची वखार लागते, तिच्यापुढची तिसरी मोरी. रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायला बांधलेली, सरकारी, साधी. तिच्या डाव्या कठड्यावर नक्षी आहे, एवढंच सांगून तो चहाची बशी तोंडाला लावायचा.

हॉटेलवाला हरिचंद म्हणायचा, मोऱ्या बघायला अंदमानला कशाला जायचं, आपल्या वसमत रोडवर काय कमी आहेत? एकेकीत म्हैस बसते. मग हॉटेल हसायचं. भावसिंगही हसायचा, पण जरा उशिरा.

त्या नक्षीचं खरं काय ते गावात एकट्या शालूबाईला माहीत होतं. शालूबाई म्हणजे तातेराव गुरुजींची बायको. अंदमानहून परतल्यावर रूपाबाई चार हंगाम तिच्याकडं हळदीच्या कामाला होती. कढईत शिजलेली हळद अंगणात पसरता पसरता एका दुपारी तिनं हसत हसत सांगितलं होतं. मोरीचं काम संपलं, कठडा ओला होता, मुकादम जेवायला गेला होता. भावसिंगनं तिचा हात धरला आणि मनगटापर्यंत, बांगड्यांसकट, ओल्या सिमेंटात दाबला. मुकादम शिव्या देत धावला, पण तोवर सिमेंट आवळलं होतं. "आता तिथनं कोण पुसून काढंल बाई मला," रूपाबाई म्हणाली होती, आणि पुन्हा हळद पसरू लागली होती.

१९९९ साली आपला हिंगोली जिल्हा झाला. बँड वाजला, फटाके वाजले, साहेबांचे फोटो निघाले. त्याच वर्षी रूपाबाई कावीळ होऊन बारा दिवसांत गेली. तिचा फोटो कुठंच नव्हता. मतदारांचे फोटो काढायला सरकारचा माणूस तांड्यावर आला तेव्हा ती ऊसतोडीला गेली होती, आणि सरकारचा माणूस काही पुन्हा पुन्हा येत नसतो. तेव्हापासून भावसिंग ती मोरी जास्तच सांगू लागला. बायकोचा हात बघायचा आहे असं पुरुषमाणूस हॉटेलात म्हणणार कसा? म्हणून तो जगाला प्रेक्षणीय स्थळ सांगत सुटला होता.

तातेराव गुरुजी निवृत्त झाले आणि २००४च्या जानेवारीत एका टूर कंपनीबरोबर जोडीनं अंदमानला निघाले. कंपनीनं गुळगुळीत रंगीत पत्रक पाठवलं होतं. त्यात समुद्र इतका निळा होता की गुरुजींनी ते देवघराशेजारी लावलं. बातमी कळली त्याच दिवशी भावसिंग धुतलेलं धोतर नेसून वाड्यावस्त्या ओलांडत आला आणि ओसरीच्या पायरीवर बसला. पत्रक त्यानं उलटंसुलटं करून बघितलं.

"काहून एवढं निळं केलंय गुरजी? निळीत बुडवलं का काय?"

गुरुजींनी त्याला तुरुंग, संग्रहालय, सूर्यास्त वगैरे वाचून दाखवलं. भावसिंग म्हणाला, तुरुंग बघा, तिथं डोकं टेकवा, ते बराबर आहे. बाकीचं दाखवायला त्यांनी माणूस ठेवलाच आहे. मग त्यानं झाड, बाजार, होडी सगळं एकदा सांगितलं आणि आवाज खाली आणला.

"तेवढा मोरीचा एक फोटो काढा. डावा कठडा. आपण कवा कुनाला काही मागितलं न्हाई."

गुरुजी हसून व्हय म्हणाले. तीस वर्षं शाळेत त्यांनी असंच व्हय म्हटलं होतं. आत तांदूळ निवडणाऱ्या शालूबाईनं मात्र मान वर केली.

प्रवासाचं काय सांगावं! नांदेडहून रेल्वे, मद्रासहून जहाज. जहाजात तीन दिवस गुरुजींनी पोटातलं सगळं बंगालच्या उपसागराला अर्पण केलं. शालूबाईला काही झालं नाही, ती डेकवर बसून शेंगा खात होती. उतरल्यावर शिट्टी आणि झेंडा घेतलेला व्यवस्थापक पुढं, आणि चाळीस माणसं मागं, अशी अंदमानची पाहणी सुरू झाली. कंपनीनं प्रत्येकाला एक पांढरा नॅपकिन दिला होता, कोपऱ्यात कंपनीचं नाव छापलेला. हरवलेलं माणूस ओळखू यावं म्हणून. गुरुजींच्या कॅमेऱ्यात समुद्र साठू लागला. समुद्रापुढं गुरुजी, समुद्रापुढं शालूबाई, समुद्रापुढं दोघं, आणि मग नुसता समुद्र, कारण त्याचाही मान राखायला हवा.

पाचव्या दिवशी बस दक्षिणेकडं निघाली. खोबऱ्याचा वास आला तशी शालूबाई खिडकीकडं सरकली. वखार गेली. एक मोरी गेली. तिनं गुरुजींना हलवलं. गुरुजी म्हणाले, रोलमध्ये दोनच फोटो उरलेत आणि ते सूर्यास्तासाठी राखून ठेवलेत. दुसरी मोरी गेली. तिनं व्यवस्थापकाला बस थांबवायला सांगितलं. त्यानं कागद बघितला आणि असं काही कार्यक्रमात नाही म्हणाला.

शालूबाईनं तोंडाला पदर लावला.

"मला उलटी येऊन राहिली," ती म्हणाली.

सीटांची कव्हरं नवी होती. भारत सरकारच्या परवानगीनंही जी बस थांबली नसती, ती दहा पावलांत थांबली. बायका सहानुभूतीनं दुसऱ्या खिडकीतून बघू लागल्या. शालूबाई उतरून मागं, नुकत्याच गेलेल्या तिसऱ्या मोरीकडं चालत गेली.

डाव्या कठड्यावर शेवाळ होतं. तिनं ते नखानं, मग पायातल्या चपलेनं खरवडलं. हात होता. पाची बोटं फाकलेली, करंगळी जरा वाकडी, आणि मनगटाशी बांगड्यांच्या आडव्या खाचा. शालूबाईनं आपला तळवा त्यात ठेवून बघितला. तो सैल बसला. रूपाबाईचा पंजा मोठा होता. एका ओंजळीत ती जेवढी हळद उचलायची तेवढी उचलायला शालूबाईला दोन खेपा लागायच्या.

तिच्याकडं कॅमेरा नव्हता. पिशवीत गुरुजींच्या घशासाठी आणलेली घरची हळद होती, आणि कंपनीचा नॅपकिन होता. शाळेतली पोरं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, तसं तिनं केलं. नॅपकिन ओढ्यात भिजवून पिळला, हातावर ताणून धरला, आणि बोटानं हळद घासत गेली. कठडा पिवळा उठला, हात पांढरा राहिला. व्यवस्थापकानं शिट्टी वाजवली. एकदा, मग दोनदा. बसमध्ये चढताना सगळ्यांनी तिला विचारलं, आता बरं वाटतंय का? ती म्हणाली, लई बरं वाटून राहिलं.

गावी परतल्यावर गुरुजींनी अंगणात सतरंजी टाकली आणि अल्बम फिरवला. सगळं गाव आलं. भावसिंग सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून उभा होता. अल्बम त्याच्या हातात आला तेव्हा त्यानं एकेक पान हळू उलटलं. समुद्र, समुद्र, गुरुजी, समुद्र. शेवटची दोन पानं सूर्यास्ताची होती. त्यांच्यामागं पुठ्ठा होता. त्यानं पुठ्ठाही उलटून बघितला.

गुरुजींनी समजावलं की मोरी हे काही प्रेक्षणीय स्थळात मोडत नाही, आणि सूर्यास्ताला प्रकाश फार थोडा वेळ मिळतो. हरिचंदनं विचारलं, मोरी होती तरी का तिथं?

"असू द्या," भावसिंग म्हणाला. "बरं झालं सूर्य काढून आणला. आपल्याकडं कुटं मावळतो तो."

लोक हसले. तो अल्बम बंद करून, नीट पुसून, सतरंजीवर ठेवून निघाला. घराला वळसा घालून जाताना परसदाराशी शालूबाई उभी होती. माणसांत द्यायची ती वस्तू नव्हती, म्हणून तिनं तिथं वाट बघितली होती.

"भावसिंगभाऊ, तुमची नक्षी."

त्यानं नॅपकिन उलगडला. मग मनगटापाशी बोट नेऊन मोजलं.

"तीनच उठल्या."

"तीनच होत्या तिथं. मी बघितलं ना."

"चार घातल्या व्हत्या तिनं," तो म्हणाला. "चौथी नवी व्हती. खराब व्हईल म्हणून वर सारून धरली." आणि मग कोपऱ्यातल्या छापील अक्षरांकडं बघून त्यानं विचारलं, "हे काय लिवलंय?"

"टूरवाल्याचं नाव हाय."

"राहू द्या. काम केलंय त्यानं."

शालूबाई म्हणाली, घडी करून द्या, पिशवीत घालून देते. त्यानं मान हलवली. घडी पडली तर हळद पुसून जाईल. दोन्ही तळव्यांवर तो नॅपकिन आडवा धरून, पूजेचं ताट नेतात तसा, तो तांड्याच्या वाटेला लागला. वारा सुटला की थांबायचा, वाऱ्याकडं पाठ करायचा, वारा पडला की पुढं निघायचा.

पुढच्या अंगणात गुरुजी सूर्यास्त समजावत होते आणि सगळं गाव तिकडं बघत होतं. भावसिंग ओढा उतरून, पलीकडं चढून, माळावर बारीक होईपर्यंत परसदारातून शालूबाई तेवढी बघत होती.