वीस नंबरवर कोणी आहे का?

मेरिट कोलबर्न यांच्याबद्दल आमच्या गावात कोणालाही विचारा, चांगलंच ऐकायला मिळेल. माझ्याबद्दलही लोक चांगलंच बोलतात, आणि तेच मला सहन होत नाही. 'वेंडलमुळे अख्ख्या खोऱ्यात आवाज पोचला बघा!' असं कोणी म्हणालं की मी विषय बदलतो. टेकडीवरचा आमचा रेडिओ-रिपीटर मी वीस नंबरवरून सतरावर का हलवला, हे मी रेडिओवाल्या मंडळींना अजून सांगितलेलं नाही. मेरिट यांनीही कोणाला सांगितलेलं नाही. ते जास्त लागतं.

मेरिट एक्याऐंशी वर्षांचे. व्हरमाँटच्या या उत्तरेकडच्या टेकडीवरच जन्मले. अडतीस वर्षं शाळेची बस चालवली. मलाही त्यांनीच शाळेत पोचवलं, आणि एकदा मी डबा विसरलो तर आपलं अर्धं सँडविच दिलं. पण जीव सगळा रानात. घरामागच्या चढावर त्यांची मेपलची साडेतीनशे झाडं. मार्च लागला की झाडाझाडाला बादली टांगायची, रस गोळा करायचा, खोपटात आटवून पाक करायचा. बाकीचे लोक कधीच प्लास्टिकच्या नळ्या लावून मोकळे झाले. हे आपले बादल्यांवरच. "नळीला काय डोंबल कळतंय झाडाचं?" असं म्हणायचे.

चार वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांची बायको आयलीन डोळ्यांनी जवळजवळ अधू, पण जीभ भलतीच तिखट. तिने नवऱ्याला बजावलं, "रानात जायचंय? खुशाल जा. पण रोज बाराला माझ्याशी बोलायचं. बारा वाजून पाच मिनिटांपर्यंत आवाज आला नाही, तर सरळ बचाव पथकाला बोलावीन. मग बस लाजत!" त्या चढावर मोबाइल लागत नाही. म्हणून त्यांनी दोन स्वस्तातले हातात धरायचे रेडिओ आणले, वीस नंबरवर लावले, आणि आयलीनचा चुकून हात लागून नंबर बदलू नये म्हणून बटणांवर चिकटपट्टी मारली. रोज बाराला एवढंच बोलणं: "आयलीन, आहे मी." "जेवलास?" "जेवतोय." या तीन वाक्यांवर म्हाताऱ्याचं रान टिकून होतं.

आता माझा शहाणपणा ऐका. मी इलेक्ट्रिशियन, आणि गावातल्या रेडिओवाल्या मंडळींचा पुढारी. दोन वर्षांपूर्वी आम्ही टेकडीच्या माथ्यावर रिपीटर बसवायचं ठरवलं. खालून आलेला क्षीण आवाज पकडायचा आणि जोरात करून सगळ्या खोऱ्यात पसरवायचा, हे त्या यंत्राचं काम. अशा खाजगी रिपीटरसाठी फ्रिक्वेन्सी आठच. कॅनडाची हद्द जवळ असल्यामुळे त्यातल्या दोन आम्हाला वर्ज्य. दोहोंवर सतत खरखर. एक तळ्यापलीकडच्या लोकांनी घेतलेली. एकीवर बर्फावर घसरायला येणाऱ्यांच्या हॉटेलातले नोकर दिवसभर बडबडत असतात. उरल्या दोन, सतरा नंबर आणि वीस नंबर.

या फ्रिक्वेन्सी कोणी वाटून देत नाही. रीत अशी की पंधरा दिवस नुसतं ऐकायचं, आणि मग तीनदा उघड विचारायचं, 'इथे कोणी आहे का?' कोणी 'हो' म्हणालं तर आपण बाजूला व्हायचं, भले तो एकटा का असेना. ही रीत नव्या पोरांना मीच शिकवतो.

मी पंधरा दिवस ऐकलं. सतरा नंबर ठार मोकळा. वीसवर रोज बाराला काहीतरी खरखरायचं, दोन-चार शब्द, की पुन्हा शांत. पण मी जुना घेतलेला फिल्टरचा डबा नेमका वीसला जुळवलेला होता. हा डबा नसेल तर एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं जमत नाही, आणि तो एकाच फ्रिक्वेन्सीला जुळवलेला असतो. सतराला जुळवून आणायला तीन आठवडे गेले असते. इकडे शनिवारी चर्चच्या बीन्सच्या जेवणात उद्घाटन ठरलेलं. भिंतीवर कागद लागला होता, त्यावर माझं नाव.

बाराला पाच कमी असताना मी माथ्यावरून विचारलं, "वीस नंबरवर कोणी आहे का?" काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. तिसऱ्यांदा विचारलं, आणि आवाज आला. बारीक, पण शब्दन् शब्द स्वच्छ. "हो, आहोत की. रोज बाराला असतो. मी आणि आयलीन."

माझ्या शेजारी कोणी नव्हतं. मी वहीत लिहिलं, 'तीनदा विचारलं, उत्तर नाही.' अक्षरही छान काढलं.

शनिवारी टाळ्या वाजल्या. मेरिटही वाजवत होते. आणि माझा कहर पुढेच आहे. रोज बाराला सगळ्यांनी रिपीटरवर हजेरी लावायची, ही टूम मीच काढली. जेवणाची सुट्टी, सगळे मोकळे असतात म्हणून! वीस मिनिटं नुसता गलका, त्याखाली हातातल्या रेडिओचा आवाज कुठला ऐकू येणार! म्हातारा-म्हातारी दुसरीकडे सरकतील, अशी मी मनाची समजूत घातली.

जानेवारीत हजेरी सुरू झाली, त्याच आठवड्यात आयलीनने बचाव पथकाला फोन केला. पथकात मीही असतो. गुडघाभर बर्फातून घसरगाडी ओढत आम्ही चौघे वर गेलो. मेरिट ओंडक्यावर बसून निवांत सँडविच खात होते.

"अरे, तुम्ही कशाला आलात?"

"आयलीनने बोलावलं. म्हणाली, दोन दिवस तुम्ही धड घरी आलात म्हणून थांबले, आज तिसऱ्या दिवशीही आवाज नाही."

त्यांनी खिशातला रेडिओ काढून दाखवला. "घसा फाटेस्तोवर ओरडतोय रे. पोचतच नाही. माझ्यासारखाच म्हातारा झालाय मेला!"

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

त्या दिवसापासून आयलीनने रान बंद केलं. मार्च आला. रस्त्यालगतच्या खोपटाखोपटातून वाफ निघायला लागली, मेरिट यांच्या खोपटातून नाही. बादल्या पालथ्याच. रोज कामाला जाताना मला ते दिसायचं. शेवटी नव्या बॅटऱ्या आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो. बेत सोपा होता. रेडिओ दुरुस्त करतो म्हणायचं, गुपचूप दोन्ही सतरावर लावायचे, आणि वर आभारही घ्यायचे.

आयलीनने डोनट आणि पाकाची वाटी पुढे ठेवली. "खा. यंदा विकतचा आहे. नाक मुरडू नकोस."

कोलबर्नांच्या घरात विकतचा पाक!

मेरिट यांनी खुंटीवरचा रेडिओ काढून माझ्या हातात दिला. "तू आलास ते बरं केलंस. एक सांगू? मनाला लावून घेऊ नकोस हं. त्या दिवशी तू माथ्यावरून विचारलंस ना, कोणी आहे का म्हणून? मी उत्तर दिलं होतं. पण या खेळण्याचा जीव तो केवढा! तुझ्यापर्यंत कुठला पोचायला? तुझी काही चूक नाही. तू रीतीप्रमाणे तीनदा विचारलंस. मी आयलीनला म्हटलंसुद्धा, पोरगं शहाणं आहे."

स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातच होता. गप्प बसलो असतो तर पाच मिनिटांत काम झालं असतं.

"पोचलं होतं," मी म्हणालो. "मी ऐकलं होतं."

आयलीनने ताटली बाजूला सरकवली. मेरिट यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काय ऐकलंस?"

"'हो, आहोत की. रोज बाराला असतो. मी आणि आयलीन.'"

"एवढं सगळं ऐकू आलं?"

"शब्दन् शब्द."

त्यांनी माझ्या हातातून रेडिओ काढून घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि परत खुंटीला अडकवला.

"म्हणजे रेडिओ चांगला आहे," ते म्हणाले.