जीप दिली, इंजिन ठेवलं

माझा राग लवकर जात नाही. यजमान म्हणतात, तुझा राग लोणच्यासारखा मुरतो. खोटं नाही ते. दादावरचा राग मी वर्षानुवर्षं मुरवला आणि गेल्या उन्हाळ्यात, ऐन त्याच्या मुलाच्या लग्नात, त्याच्या पानात वाढला.

आमच्या बाबांकडे एक जुनी पेट्रोल जीप होती. लष्कराच्या लिलावातून घेतलेली, उघडी, पुढची काच बोनेटवर आडवी पडणारी. पांढुर्ण्याजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागांमधून जी पांदण, म्हणजे शेतातली गाडीवाट जाते, तिथे बाबांनी मला ती चालवायला शिकवली. दादाला आधी शिकवली होती, पण त्याचा हात काही बसला नाही. पहिल्या गिअरातून दुसऱ्यात जाताना क्लच दोनदा दाबावा लागायचा आणि मधल्या क्षणी कान इंजिनाकडे लावावा लागायचा. दादा कान लावायचा नाही, जोर लावायचा. गिअर करकरला की बाबा मागे वळून मला म्हणायचे, "बाई, तू ये समोर." मी उडी मारून पुढे आणि दादा तोंड पाडून मागे. मला तेव्हा फार मजा वाटायची.

त्या इंजिनाला एकदा चीर पडली होती. बाबांनी तांबटाकडून त्यावर पितळेचं ठिगळ बसवून घेतलं. दसऱ्याला सगळे लोक गाडीच्या बोनेटवर कुंकू लावतात. बाबा बोनेट उघडायचे आणि आत वाकून त्या ठिगळावर कुंकवाचं बोट टेकवायचे. दुखऱ्या जागेला मान आधी, म्हणायचे.

बाबा गेले. वाटणीच्या वेळी मी शेतातलं काही मागितलं नाही. सौंसरला आमचं बरं चाललं होतं, मी आणि यजमान दोघंही शाळेत शिकवत होतो. मी म्हटलं, मला फक्त बाबांची जीप दे. चार पाहुण्यांसमोर दादा म्हणाला, घेऊन जा. मी खूश होऊन हक्कसोडपत्रावर सही केली.

पुढच्या आठवड्यात सौंसरच्या मिस्त्रीला घेऊन मी जीप आणायला गेले. अंगणात ती धुऊनपुसून उभी होती. मिस्त्रीने बोनेट उचललं आणि माझ्याकडे बघितलं. आत काहीच नव्हतं. तोडलेल्या वायरींना नीट गाठी मारून ठेवल्या होत्या, तेवढीच काय ती माया.

इंजिन संत्र्याच्या गोदामात होतं. लोखंडी चौकटीवर बसवलेलं, शेजारी स्वयंपाकाच्या गॅसची टाकी जोडलेली. वीज गेली की त्यावर जनरेटर चालणार होता. दादा रिकाम्या पेट्यांवर पाय हलवत बसला होता. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "तू जीप मांगतली, जीप देली. इंजिनाचं कोण बोललं होतं?"

गोदामातली माणसं हसली. दादाही हसला, आणि म्हणाला की बायकांना इंजिन कशाला, अंगणात ठेव, लेकरं खेळतील. मी अंगणात परत आले. माझी जीप दोराने बांधून ट्रॅक्टरमागे ओढत सौंसरला आणली. रस्त्याने सगळं जग बघत होतं.

मिस्त्रीने तिच्यात एका मोडीत निघालेल्या मालवाहू टेम्पोचं डिझेल इंजिन बसवायचं ठरवलं. त्यासाठी जुन्या इंजिनाचे पाय ज्यांवर टेकायचे ते लोखंडी आधार त्याला कापून टाकायचे होते. मी म्हटलं, त्यांना हात लावायचा नाही. तो म्हणाला, मग नवे आधार कुठे बसवू? मी म्हटलं, ते तुम्ही बघा, पण ते कापायचे नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात काही बेत नव्हता. ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, इतकंच होतं. मिस्त्री कुरकुरला, पण नवे आधार वेगळे बसवले.

त्या डिझेलवर जीप चालायची, पण दात वाजायचे. मी त्यातच शाळेत जायचे. सुटीत भाचा यायचा, दादाचा मुलगा. त्याचा आणि त्याच्या बापाचा स्वभाव एक नाही, हे त्याचं नशीब. त्याचा या जीपवर जीव. लग्न ठरल्यावर होणाऱ्या बायकोसोबत संत्र्याच्या झाडांत जीप उभी करून त्याने फोटो काढले आणि त्यातलाच एक पत्रिकेवर छापला. वरात याच जीपमधून निघणार, घोडी नको, असं त्याने सगळ्यांना सांगून टाकलं. मग दादाला मला फोन करावाच लागला. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून त्याची मान जरा जास्तच ताठ झाली होती. पण त्या दिवशी आवाज मऊ होता. लग्नापुरती जीप देशील का, म्हणाला.

मी म्हटलं, घेऊन जा.

फोन ठेवला आणि तडक मिस्त्रीकडे गेले. त्याच्या कप्पीच्या साखळीला लटकत डिझेल इंजिन वर आलं, तेव्हा मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणतात. नवे आधार काढायला लावले. जुने घासूनपुसून, तेल लावून ठेवले.

जीप न्यायला आलेल्या ड्रायव्हरने बोनेट उघडलं आणि दादाला फोन लावला. दादा तासाभरात स्वतः हजर झाला. बोनेटसमोर उभा राहिला. मी पायरीवर बसून तूर निवडत होते. मी म्हटलं, "तू जीप मांगतली, जीप देली. इंजिनाचं कोण बोललं होतं?"

त्याची नजर आत गेली, त्या तेल लावलेल्या जुन्या आधारांवर. त्यांवर एकच इंजिन बसू शकत होतं आणि ते त्याच्या गोदामात होतं. लग्न आठवड्यावर आलेलं, पत्रिका वाटून झालेल्या. त्याला सगळं कळलं, आणि कळलेलं मला दिसलं. त्याने जीप दोराने बांधली आणि ओढत नेली. रस्त्याने सगळं जग बघत होतं, हे मला नंतर दोघातिघांनी मुद्दाम सांगितलं. मी प्रत्येकाला चहा पाजला.

लग्नाच्या दिवशी मारुतीच्या देवळापासून वरात निघायची होती. जीप झेंडूने मढवलेली, आत फेटा बांधलेला भाचा. ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि माझ्या अंगावर काटा आला. तोच आवाज. पण दुसरा गिअर टाकताना करकर झाली, जीप उडी मारून बंद पडली. पुन्हा तसंच. बँडवाले थांबले, पोरं हसायला लागली. ड्रायव्हर घामाघूम. दादा गर्दीतून माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, तू ये समोर."

हे त्याने म्हणायला नको होतं. क्षणभर मी विरघळले. पण क्षणभरच.

जरीचं लुगडं खोचून मी चढले. क्लच, कान, क्लच, आणि दुसरा गिअर लोण्यासारखा पडला. भाच्याला मांडवाच्या दारात उतरवलं. त्याची दृष्ट काढली, पाठीवरून हात फिरवला. दादा व्याह्यांच्या गळाभेटीत गुंतला होता. मी गाडी वळवली आणि सरळ सौंसरच्या रस्त्याला लावली. अक्षता टाकायला थांबले नाही, आत्याचा मान घेतला नाही, जेवलेही नाही. झेंडूच्या माळा मागे उडत होत्या आणि मी रस्ताभर मोठमोठ्याने हसत होते. यजमान संध्याकाळी बसने आले, हातात दादाने पाठवलेली साडी. ती मी अजून नेसलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने इंजिन तपासलं. मला वाटलं होतं, गॅसवर राबवून दादाने त्याची वाट लावली असेल. मिस्त्री म्हणाला की ज्याने हे ठेवलं त्याने जिवापाड ठेवलं. तेल स्वच्छ, एकही नट सैल नाही. मग त्याने मला वाकून बघायला सांगितलं. पितळेचं ठिगळ दिसतच नव्हतं. त्यावर कुंकवाचा जाड थर होता. मी नखाने खरवडलं, तर खाली जुना, काळपट थर, त्याखाली आणखी जुना. दर दसऱ्याला त्या गोदामात वाकून तो तिथेच बोट टेकवत होता.

मला हे अजिबात आवडलं नाही. ज्याच्यावर राग धरायचा त्याने असं काही करू नये.

यंदा दसऱ्याला त्या थरावर मी माझं बोट टेकवलं. संध्याकाळी फोन वाजला. लग्नानंतर पहिल्यांदाच दादाचा. पूजा केली का, त्याने विचारलं. केली म्हटलं. ठिगळाले लावलं ना, म्हणाला. हो म्हटलं.

"एक डाव इंजिन सुरू कर न बाई," तो म्हणाला. "फोनवरच आयकतो."

मी म्हटलं, पेट्रोल संपलं आहे. टाकी सकाळीच काठोकाठ भरून आणली होती.