चंदरच्या जीपचे नवे ब्रेक

पडदा वर जातो तेव्हा साल शहाऐंशी, वर्सोव्याची सकाळ, आणि गॅरेजसमोर चंदरची लाडकी जुनी जीप. तिचा ब्रेक सीटवरून उठून, उभं राहून दाबावा लागे. थोरल्या बहिणीची, सोनूबाईची मासळी रोज बाजारात पोचवता पोचवता चंदरचा गुडघा पार कामातून गेला.

"थांबवता येत नसेल तर विकून टाक हे धूड," सोनूबाईने बजावलं. जीप हातची जाऊ नये म्हणून त्याने पायाच्या हलक्या दाबानेही लागणारे पॉवर ब्रेक बसवून घेतले.

दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर सोनूबाई, तिच्या पाठीशी मासळीच्या पाट्या, आणि अंधेरीचा बाजार आला. चंदर सवयीने ब्रेकवर उभाच राहिला! जीप जागच्या जागी खिळली आणि बोंबलांची पाटी सोनूबाईच्या मांडीवर उपडी झाली. चंदरने घाबरत मागे पाहिलं.

लुगड्यावरचे बोंबील वेचत ती म्हणाली, "थांबली ना रे! आता उद्यापासून बसून दाब."