गेरूची पावडर

गोंदियाच्या बाजारातलं हे तिसरं दुकान. लग्न भाचीचं, चेहरा माझा, आणि दुकानदार काढून ठेवतोय पुन्हा तीच पिठासारखी पांढरी पावडर. “इसमें सांवला शेड नहीं आता, मॅडम. थोड़ा गोरा दिखेगा तो अच्छा ही लगेगा ना?” माझा रंग म्हणे महागातच मिळतो. स्वस्तात नटायचं तर आधी गोरं व्हायचं!

चिडून डबी नाकाशी धरली, तर तोच लहानपणीचा गुलाबाचा उग्र वास आला.

दिवाळीनंतर आमच्या नवेगाव बांधला मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरायची. एका वर्षी मंडईच्या सकाळी अशीच पावडर थापून मी आरशासमोर रडकुंडीला आले होते. गळा काळा, तोंड पांढरं. आई सारवण सोडून आली. “काऊन रडून राहिली व? आपला रंग दुकानात नाही भेटत. बनवा लागते.” भिंतींना लावून उरलेला गेरू तिनं लुगड्याच्या पदरातून चाळला, चिमूट चिमूट पावडरीत मिसळला आणि माझ्या मनगटावर लावून पाहिला. भिंतीचा रंग तोंडाला! मी लाजेनं मेले. मंडईत मात्र मैत्रीण विचारत राहिली, “कोणती पावडर हाय व तुही?”

इतका माझ्याच अंगाचा रंग पुढे कोणत्याही डबीत दिसला नाही.

“फिर क्या दूँ, मॅडम?” दुकानदार कंटाळला होता.

“हीच डबी द्या,” मी म्हटलं, “आणि गेरू कुठं भेटते, ते सांगा.”