ताडपत्रीखालची रात्र

ती चावी मी फिरवायला नको होती.

संकेश्वरजवळ हायवेला माझ्या ट्रकच्या मीटरमध्ये रंगीत एलईडी बसवून घेत होतो. हे काम करणारे अण्णा ओठांत स्क्रू धरून बोलतात, त्यामुळे मोजकंच बोलतात. काम संपलं की भर उन्हात केबिनवर ताडपत्री टाकून आत रात्र करतात आणि चावी ड्रायव्हरच्या हातात देतात. एकेक दिवा ते बाहेर तपासतात, पण सगळे मिळून आधी स्वतःही लावून बघत नाहीत; पहिली नजर ड्रायव्हरचीच.

आमचा ड्रायव्हर चहाला गेला होता. अण्णांनी त्याच्यासाठी काढून ठेवलेली चावी उचलून मी ताडपत्रीखाली शिरलो आणि फिरवली. काट्यांमागून निळा, हिरवा, तांबडा उजेड हळूच वर आला. माझ्याच गाडीत मला आवाज करायची भीती वाटली.

अण्णांनी ताडपत्री उचलली. "बघितलासा?"

"लई भारी झालंय, अण्णा!"

"व्हय. पण रातभर ह्यो उजेड घेऊन त्यो बसणार, मालक. तुमी घरात झोपणार."

ते रागावले नाहीत. मीटर पुन्हा खोलला आणि सगळे रंग अदलाबदल करून बसवले. आता ही नवी मांडणी कुणीच पाहिलेली नव्हती.

ड्रायव्हर येऊन आत शिरला. "आयला!" एवढंच ऐकू आलं. अण्णा पाठ फिरवून हात पुसत हसत होते.

"चुकलं माझं, अण्णा," मी म्हणालो.

"मला कशाला सांगतायसा?"

ड्रायव्हर उतरल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. "तुझ्या आधी मी आत जाऊन बघितलंतं रं. माफ कर."